जुन्या शहराची खेप

कप्तानांनी चहाचा कप खाली ठेवला, मिशी पुसली आणि निकाल दिला. "त्यात काही अर्थ नाही."

कप्तान म्हणजे जहाजावरचे नव्हेत. ते सहलीच्या बसचे ड्रायव्हर. डेपोत कुणीतरी कधीतरी गमतीनं त्यांना कप्तान म्हटलं आणि त्यांनी ते फारच मनावर घेतलं. तेव्हापासून गणवेशाला कडक इस्त्री, मिशीला रोज कंगवा आणि बोलण्यात हुकूम. त्यांच्या बायकोला डेपोत टाकेबाई म्हणत. डेपोच्या मागच्या अंगाला बसच्या सीटा दुरुस्त करायची खोली होती, तिथे त्या जाड सुईचं मशीन चालवायच्या. फाटलेलं रेक्झिन, दबलेला फोम, उसवलेल्या शिवणी, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. गंमत अशी की डेपोतल्या यच्चयावत बसची सीट त्यांनी एकदा तरी मांडीवर घेतली होती, आणि त्यातल्या एकाही सीटवर बसून त्या कुठे गेल्या नव्हत्या.

"कशात अर्थ नाही?" टाकेबाईंनी विचारलं. उत्तर त्यांना पाठ होतं, पण पुन्हा ऐकलं की राग नीट तापतो.

"जुन्या शहराला जाण्यात. अगं, पहाटे निघायचं, अर्धा दिवस बसून जायचं, अर्धा दिवस बसून यायचं. मधे काय, तर घटकाभर चढायचं आणि घटकाभर उतरायचं. तुझे गुडघे काय म्हणतात ते मला इथे ऐकू येतं. दगड बघायला एवढी यातायात कोण करतं?"

"तुमच्या बसमधली माणसं करतात की. दर आठवड्याला बस गच्च भरलेली असते."

"त्यांना दुसरं काम नसतं."

"मला एक दिवस नसलं तर चालेल."

"आणि मी सांगितलंय ना तुला सगळं? सात मजली महाल, आरशांची खोली, राणीची विहीर, घड्याळाचा मनोरा. काही बाकी ठेवलंय का? घरबसल्या बघून झालंय तुझं."

हे मात्र खरं होतं. गेली कित्येक वर्षं कप्तान जुन्या शहराची खेप करून आले, बूट काढले, की त्या पाण्याचा तांब्या पुढे करत आणि विचारत, "आज काय काय बघितलंत?" मग कप्तान रंगात यायचे. विहिरीत उतरताना कसा गार वारा लागतो, महालाच्या सातव्या मजल्यावर गेलं की खालची माणसं मुंग्यांएवढी कशी दिसतात, आरशांच्या खोलीत एक माणूस गेला तर शंभर कसे होतात. दुसऱ्या दिवशी टाकेबाई तेच सगळं, वर स्वतःच्या पदरचं थोडं मीठमसाला लावून, मशीनखोलीतल्या जोडीदारणीला सांगायच्या. जुनं शहर न बघता त्यांना त्याची गल्लीन् गल्ली पाठ होती.

पण महिनाअखेरीला कप्तान निवृत्त होणार होते. कंपनीचा नियम असा की ड्रायव्हर कामावर असेपर्यंत त्याच्या घरच्या माणसाला रिकाम्या सीटवर बसून जाता येतं. म्हणजे जायचं तर आत्ताच. आणि प्रश्न नुसत्या सहलीचा नव्हता, हे टाकेबाईंना पक्कं कळत होतं. कप्तान आतापर्यंत दिवसभर बाहेर असायचे, म्हणून ते "त्यात काही अर्थ नाही" दिवसातून दोनदाच ऐकावं लागायचं. उद्या ते घरी बसले, की लेकीकडे जाण्यात अर्थ नाही, बागेत फिरण्यात अर्थ नाही, भिंतीला रंग देण्यात अर्थ नाही. दोन खुर्च्या, समोर टीव्ही, आणि जग कसं आहे ते कप्तान सांगणार. पुढची सगळी वर्षं अशी जायची की नाही, ते या एका खेपेवर ठरायचं होतं. टाकेबाईंना या विचारानं चक्क धडकी भरायची.

तरी त्या आंधळेपणानं हट्टाला पेटणाऱ्या नव्हत्या. गुडघे त्यांचेच होते आणि ते खरोखर कुरकुरत. म्हणून त्यांनी आधी चौकशी करायचं ठरवलं. एका संध्याकाळी त्या कामावरून घरी न जाता डेपोच्या फाटकाशी थांबल्या. रात्री उशिरा जुन्या शहराहून बस आली. कप्तान हिशेबाच्या खिडकीकडे गेले तशा या उतरणाऱ्यांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"मला पण जायचंय हो. एवढा लांबचा पल्ला, जाण्यासारखं आहे का?"

"पाय राहिले नाहीत," एक बाई म्हणाल्या.

"चहा अगदी पांचट," त्यांचे यजमान म्हणाले.

"ती आरशांची खोली बंद होती," एक तरुण म्हणाला.

"बंद नव्हती, तू चुकीच्या दारातून गेलास," त्याचा मित्र म्हणाला, आणि दोघं भांडत भांडत निघून गेले.

सगळ्यांत शेवटी एक मध्यमवयीन बाई उतरल्या. चपला हातात होत्या. टाकेबाईंनी त्यांनाही तेच विचारलं. त्या बाईंनी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि मग टाकेबाईंच्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "मला नाही सांगता येणार. तुम्ही जाऊन या."

टाकेबाईंच्या हे मनात रुतून बसलं. त्यांचा नवरा तर इतक्या वर्षांत एकदाही सांगायचा थांबला नव्हता, आणि या बाईला एक वाक्य सुचेना! तिथेच उभ्या उभ्या त्या मनाशी म्हणाल्या, की ज्याचं वर्णन करता करता माणूस मुका होतो, ते बघायलाच हवं. गुडघ्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

"पुढच्या खेपेला मी येतेय," त्यांनी घरात शिरताच सांगितलं.

"अगं, पण..."

"रिकामी सीट आहे. मी खिडकीवर विचारून आलेय. नाव घातलंय."

त्यानंतर दोन दिवस कप्तान कधी हवामान खराब आहे म्हणाले, कधी रस्त्याचं काम चालू आहे म्हणाले, आणि एकदा तर चक्क म्हणाले की महालाचे वरचे मजले पडायला झालेत. टाकेबाई डबा धुवून ठेवत राहिल्या.

सहलीच्या दिवशी त्या तिसऱ्या रांगेतल्या खिडकीपाशी बसल्या. ही सीट त्यांनीच नवी केली होती. टाका घट्ट बसलाय हे बोटांनी चाचपून त्यांनी खात्री करून घेतली. शेजारी उन्हाची टोपी घातलेले एक गृहस्थ होते, पाठीला छोटी पिशवी, हातात नकाशा. बोलता बोलता त्यांना कळलं की बाई म्हणजे ड्रायव्हरसाहेबांच्या घरच्या.

"अरे वा! म्हणजे तुम्हाला शहर अगदी तोंडपाठ."

"तसं म्हणा हवं तर," टाकेबाई म्हणाल्या. फुशारकी म्हणून नव्हे, खरोखरच तसं वाटत होतं त्यांना. मग त्यांनी विहीर सांगितली. मनोरा सांगितला. सातव्या मजल्यावरची मुंग्यांएवढी माणसं सांगितली. पुढच्या रांगेतलं नवं जोडपं मान वळवून ऐकू लागलं. मागच्या दोन मैत्रिणी पुढे वाकल्या. टोपीवाल्यांनी हळूच नकाशा घडी करून पिशवीत टाकला. टाकेबाईंच्या आवाजाला धार चढली. त्यांनी एकदा समोरच्या आरशात बघितलं तेव्हा कप्तान त्यांच्याकडेच बघत होते, आणि त्यांचं कपाळ घामेजलं होतं. ऊन लागत असेल, टाकेबाईंना वाटलं.

जुनं शहर आलं ते अचानक. वळण संपलं आणि समोर तटाची भिंत, तिच्यात मोठं दार, दाराबाहेर बस उभ्या करायचं मैदान. कप्तानांनी बस झाडाखाली लावली आणि नेहमीची सूचना दिली. "बरोबर चारला बस सुटेल. मी कुणासाठी थांबत नाही. आजवर थांबलेलो नाही."

हे मात्र डेपोत सगळ्यांना माहीत होतं. एकदा एका नवरदेवाला मागे ठेवून कप्तान नवरीला घेऊन आले होते.

लोक उतरायला लागले तसे कप्तान टाकेबाईंपाशी आले. "तू बस इथे सावलीत. ऊन बघ काय आहे. मी खाली असतो, गप्पा मारू. वर जाऊन उगाच गुडघे..."

"तुम्ही येत नाही वर?"

"मी? अगं, मी काय नवीन बघणार आता? तू पण राहू दे."

"मी चालले," टाकेबाई म्हणाल्या आणि उतरल्या.

दारातून आत पाऊल ठेवलं तर मागे सहाजण. टोपीवाले, नवं जोडपं, दोघी मैत्रिणी आणि आणखी एक आजोबा, काठी टेकत. "आम्ही तुमच्याबरोबर," टोपीवाले म्हणाले. टाकेबाईंना जरा अवघडल्यासारखं झालं, पण छातीही थोडी फुगली. कप्तान नेहमी सांगायचे तसं त्यांनी सांगितलं, "आत शिरलं की लगेच डावीकडे. मोठ्या रस्त्याला लागायचंच नाही. तिकडून महाल जवळ पडतो."

सगळे डावीकडे वळले. गल्ली अरुंद होती, मग आणखी अरुंद झाली. दोन्ही बाजूंना घरांच्या पाठी. एका ठिकाणी कपडे वाळत घातलेले, त्यांच्याखालून वाकून जावं लागलं. आजोबांची काठी फरशीच्या फटीत अडकली. पुढे थोडा चढ लागला तेव्हा टाकेबाई म्हणाल्या, "आता आलाच." चढ संपला. समोर रिकाम्या बाटल्यांच्या क्रेटची रास, एक बंद दार, आणि दाराशेजारी सार्वजनिक शौचालय.

सगळे उभे राहिले. दोघी मैत्रिणींपैकी एक फिस्सकन् हसली.

"महाल?" टोपीवाल्यांनी विचारलं.

शौचालयाबाहेर एक बाई स्टुलावर बसल्या होत्या, तिथल्या देखरेखीच्या. टाकेबाई त्यांच्याकडे गेल्या. "सात मजली महाल कुठून जवळ पडतो हो?"

"सात मजली?" त्या बाईंनी त्यांना खालपासून वर निरखलं. "महालाला दोन मजले आहेत. सात तर पायऱ्यांचे टप्पे. आणि तो उजवीकडे, टेकडीवर. इथे डावीकडे फक्त हेच. बसमधून उतरलेली सगळी माणसं आधी इथेच येतात, म्हणून बसवाल्यांना एवढीच वाट माहीत असते."

"बसवाले वर जात नाहीत का?"

"कशाला जातील? थकून आलेले असतात. झोपतात बिचारे."

टाकेबाईंच्या डोक्यात एकेक गोष्ट टाका घातल्यासारखी दुसरीला जोडली गेली. फाटकाशी उतरणारी ती माणसं. "पाय राहिले नाहीत." "आरशांची खोली." "चुकीच्या दारातून." परतीचा सगळा रस्ता बसमध्ये माणसं असंच बोलत असणार, अर्धवट, दमलेली, एकमेकांत मिसळलेली वाक्यं. आणि पुढे बसून स्टिअरिंग धरलेला एक माणूस ती गोळा करत असणार. सात टप्प्यांचे सात मजले करत असणार. इतकी वर्षं! त्यांना शेंडी लावली ती लावली, आणि त्यांनी तीच शेंडी घेऊन मशीनखोलीभर मिरवली. लाजेनं कान तापले.

"मला माहीत नव्हतं," त्या सगळ्यांकडे वळून म्हणाल्या. "मी पहिल्यांदाच आलेय इथे. माझ्यामुळे तुम्हाला उगाच फिरावं लागलं. चुकलं माझं."

टोपीवाले भले होते. त्यांनी नकाशा काढला आणि म्हणाले, "निदान सोय तरी कळली." आजोबांनी तिथेच एका पायरीवर बसून, आपल्याला इथवरच पुरे, असं जाहीर केलं. बाकीचे घाईनं उजवीकडे निघाले. टाकेबाईंना बोलावत होते, पण त्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे," आणि तटाच्या दारातून तडक बाहेर, मैदानावर गेल्या. जाब विचारायचा होता. सगळी वाक्यं त्यांनी जिभेवर तयार ठेवली होती.

बसचं मागचं दार उघडं होतं. कप्तान मागच्या लांब बाकावर आडवे पडले होते. बूट खाली नीट जोडीनं ठेवलेले. डोकं बाकाच्या उजव्या टोकाला, आणि डोक्याखाली फोममध्ये एक गोल खळगा.

तो खळगा टाकेबाईंच्या चांगल्याच ओळखीचा होता. दर काही महिन्यांनी हा बाक त्यांच्याकडे यायचा. दर वेळी तोच कोपरा दबलेला, तेच केसांच्या तेलाचे डाग. त्या फोम बदलायच्या, रेक्झिन घासून घ्यायच्या आणि कोण हा झोपाळू प्रवासी असं म्हणत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. पैसे भरून सहलीला येतो आणि लोळतो मेला, असं त्यांनी जोडीदारणीला कितीदा म्हटलं होतं. आता तो मेला त्यांच्यासमोर तोंड उघडं टाकून घोरत होता.

हसू आलं नाही त्यांना. उलट जोराचा राग आला, आणि त्यात थोडी कीवही होती, ती त्यांनी बाजूला सारली. हात लांबवला तर खांदा हलवता आला असता. पण हलवून काय? कप्तान उठतील, आधी नाकारतील, मग सांगायला लागतील, मग त्यांचं ऐकत बसावं लागेल, आणि चार वाजतील. आज ऐकायला आलोच नव्हतो आपण.

त्यांनी मैदानाच्या टोकाच्या चहावाल्याचं घड्याळ बघितलं. वर जाऊन चारच्या आत खाली येणं अशक्य होतं. त्यांच्या गुडघ्यांना तर नक्कीच. आणि कप्तान थांबत नाहीत. बायको असली तरी? हा प्रश्न आजवर कधी पडला नव्हता. मग आज पडू दे, त्या मनाशी म्हणाल्या. गेली बस तर गेली. इथे माणसं राहतात, म्हणजे राहायची सोय असणारच. पण न बघता मी आता घरी जात नाही.

तटाच्या दारात तिकीट तपासणारे गृहस्थ म्हणाले, "बाई, आता उशीर झालाय, तुमची बस सुटायची वेळ होईल." टाकेबाई म्हणाल्या, "होऊ द्या," आणि उजवीकडच्या पायऱ्यांना लागल्या.

पहिला टप्पा त्या ताठ मानेनं चढल्या. दुसऱ्याला कठडा धरला. तिसऱ्याला गुडघ्यांनी जो पाढा वाचायला सुरुवात केली तो थांबेचना. मधेच उतरणारं नवं जोडपं भेटलं. नवी नवरी म्हणाली, "काकू, चार वाजत आले, आम्ही पळतोय. तुम्ही पण चला ना!" काकूंनी मान हलवली. "ड्रायव्हरनं विचारलं तर सांगा, वर आहे म्हणून." पाचव्या टप्प्यावर त्या चक्क बसल्या आणि हाताचा जोर लावून एकेक पायरी मागे सरकत वर गेल्या, लहान मूल चढतं तशा. बघायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी त्यांना फिकीर नव्हती.

वर महाल होता. दोनच मजली, तोही अर्धा उघडा. आरशांच्या खोलीला कुलूप होतं. विहीर कुठे दिसली नाही. टाकेबाईंनी तिकडे फारसं लक्षही दिलं नाही, कारण महालाच्या पुढच्या सज्जातून जे दिसत होतं ते त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

खाली सगळं शहर, एकमेकाला खेटलेली घरं, त्यांची छपरं, त्यांच्यातून चालणारी माणसं. भिंतीपलीकडे मैदान. मैदानापलीकडे जमीन, आणि जमीन संपता संपत नव्हती. तिच्यातून त्यांचा आजचा सगळा रस्ता जात होता. इतक्या लांबून आपण आलो? इथवर? त्या आयुष्यभर चार भिंतींच्या खोलीत पुढ्यातल्या हातभर रेक्झिनकडे बघत होत्या. डोळ्यांना एवढं लांब बघायची सवयच नव्हती, ते दुखायला लागले. दुखू दे, म्हणून त्या बघत राहिल्या. आनंद झाला होता त्यांना, आणि त्या आनंदात आतून कुठेतरी फार चीडही होती, की हे एवढं मोठं इथे पडलेलं होतं आणि आपण पाण्याचा तांब्या पुढे करून त्याची हकिकत मागत बसलो.

खाली मैदानात बसभोवती माणसं जमली. चार वाजून गेले असणार. कुणीतरी टेकडीकडे हात करून दाखवत होतं, ते टोपीवाले असावेत. एक माणूस बसमधून उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. इथून मिशी दिसत नव्हती, पण चाल दिसत होती. तो माणूस बसभोवती एक पूर्ण फेरी मारून आला. मग तटाच्या दाराकडे निघाला. दाराशी आल्यावर तो आधी डावीकडे वळला.

"उजवीकडे!" टाकेबाई सज्जातून ओरडल्या, जणू इतक्या उंचावरून ऐकू जाणार होतं.

बऱ्याच वेळानं पायऱ्यांवर धापा टाकल्याचा आवाज आला. कप्तान वर आले तेव्हा इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला होता, चेहरा लालबुंद.

"अगं, काय वेळ झाली बघ! चाळीस माणसं खाली ताटकळलीयत. मी कधी कुणासाठी... माझ्या नोकरीत आजवर..."

बोलता बोलता ते सज्जापर्यंत आले आणि थांबले. वाक्य तसंच राहिलं. टाकेबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. तयार ठेवलेली सगळी वाक्यं अजून जिभेवर होती, सात मजल्यांची, आरशांची, मागच्या बाकाची. कप्तानांनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले. त्यांचं तोंड एकदा उघडलं आणि मिटलं.

"हे इथेच होतं?" त्यांनी विचारलं.

"इथेच. जाणार कुठे?"

"मी खाली होतो."

"माहीत आहे मला. बाक मीच शिवते."

कप्तानांचा चेहरा पडला. त्यांनी सावरायचा प्रयत्न केला नाही. "पहिल्या खेपेला झोप आवरेना म्हणून पडलो," ते म्हणाले. "घरी आलो तर तू दारातच विचारलंस, काय बघितलंत. काहीतरी सांगावं लागलं. तू इतकी खूश झालीस ऐकून... मग दर वेळी लागायचंच सांगायला. नंतर वर चढून खरं बघायची भीतीच वाटायला लागली. मी सांगितलं तसं नसलं तर?"

"नाहीच आहे तसं."

"नाही," कप्तान म्हणाले.

"मला राग आलाय. अजून चार दिवस राहणार आहे तो."

"राहू दे."

खाली कुणीतरी हातवारे करत होतं. टाकेबाईंनी ते बघितलं. "माणसं थांबलीत हो."

"थांबतील." कप्तानांनी कठडा सोडला नव्हता. मग त्यांनी महालाच्या मागच्या बाजूला नजर टाकली. तिथे एक कमान होती आणि कमानीतून नुसता उजेड दिसत होता. "तिकडे पलीकडे काय आहे?"

"मला काय विचारता? मी अजून गेले नाही तिकडे."

सवयीनं काहीतरी सांगायला कप्तानांचे ओठ हललेही असतील. पण त्यांनी नुसता हात पुढे केला, आणि टाकेबाईंनी तो धरला, कारण गुडघे खरोखरच फार दुखत होते.

"चल," कप्तान म्हणाले. "बघू."